मांजराचं काय झालं?

‘एलियन’ या सिनेमात नॉस्ट्रोमो नावाचं एक मालवाहू अवकाशजहाज पृथ्वीकडे परतत असतं. घरी पोचायला अजून दहा महिने लागणार हे कळल्यावर त्यातले कर्मचारी वैतागतात. त्यांना वैतागायला काय झालं? खुद्द सिनेमाला वरणगावला पोचायला दहा वर्षं लागली. अमेरिकेत तो लागला मे १९७९ मध्ये आणि आमच्या फॅक्टरीच्या वसाहतीत आला १९८९ च्या गणपतीत, पाचव्या दिवशी, भुसावळहून एका रात्रीच्या बोलीवर भाड्याने आणलेल्या व्हीसीआरबरोबर.

त्या काळी मंडळाचा ‘व्हिडिओ’ म्हणजे एका रात्रीत तीन पिक्चर, आणि त्यांचा क्रमही ठरलेला. पहिला देवाचा, म्हणजे ‘जय संतोषी माँ’. तो बायका, म्हाताऱ्या आणि वेळेवर वर्गणी देणाऱ्यांसाठी. दुसरा मारामारीचा. आणि रात्री दोनच्या पुढे, लहान पोरं चादरीत गुंडाळून घरी पोचवली गेली की तिसरा, ‘इंग्लिश’. या शब्दाला तेव्हा एक वेगळाच वास होता. जी माणसं दहाही दिवस आरतीला सापडत नसत ती ‘इंग्लिश’ला पुढच्या सतरंजीवर सापडत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि चादरीखाली झोपल्याचं सोंग करण्यात वसाहतीत पहिला होतो. आई थांबली होती, कारण ताई तिच्या मांडीवर झोपली होती आणि तिला उचलून न्यायला अण्णा मोकळे नव्हते. अण्णा मंडळाचे खजिनदार. टीव्हीच्या बटणाशेजारची खुर्ची परंपरेने खजिनदाराची.

कॅसेट होती कॉपीच्या कॉपीची कॉपी. ‘एलियन’ मुळातच अंधाराचा सिनेमा, त्यात ही प्रत. म्हणजे काळ्या पाटीवर कोळशाने लिहिलेलं वाचायचं. मागून कोणीतरी विचारलं, “लाइट गेली काय?” दुसऱ्याने पुढे जाऊन पाहिलं आणि टीव्हीचा लाल दिवा चालू असल्याची ग्वाही दिली. व्हीसीआरवाला शपथेवर सांगत होता की पिच्चरच असा आहे. (तो खरं बोलत होता हे मला पुढे कळलं. पण त्या रात्री त्याचा चहा बंद झाला.) मुळात तो भयंकर प्राणी सगळ्या सिनेमात मोजून चारेक मिनिटं दिसतो. आम्हाला तो चार सेकंदही दिसला नाही. अंधारात दिसत होते ते घामेजलेले चेहरे, मधूनच उडणाऱ्या ठिणग्या आणि एक तांबूस बोका. बोका मात्र स्वच्छ दिसत होता. त्यामुळे वरणगावच्या एका अख्ख्या पिढीची समजूत अशी झाली की हा हरवलेल्या मांजराचा पिक्चर आहे आणि त्याला शोधताना माणसं काही ना काही कारणाने मरतात.

शेवटी जहाजाचा स्फोट झाला, पडदा एकदाचा उजळला. सगळ्यांतून उरलेली ती उंच बाई, रिप्ली, मांजराला घेऊन छोट्या यानातून सुटली. सतरंजीवर सगळ्यांनी श्वास सोडला. तिने मांजराला पेटीत झोपवलं आणि अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली.

अण्णा उठले. टीव्ही बंद.

पुढच्या रांगेतून जो आवाज उठला तसा त्या गणपतीत आरतीलाही उठला नव्हता. अण्णा शांतपणे वायर गुंडाळत म्हणाले, “सुटली ना ती बाई? मग संपला.” घरी जाताना ताईला खांद्यावर टाकून अण्णा पुढे, मागून आई. तिने एकच विचारलं, “अहो, मांजराचं काय झालं?”

“झोपलं,” अण्णा म्हणाले.

या गोष्टीला पस्तीसएक वर्षं झाली. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, बरोबर इंजिनिअरिंगला असलेला भाचा. घागर भरून झाली, पितरांना घास दिला, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस पोटात गेला आणि बाहेर ऊन असं की चपला काढून ओट्यावर पाय ठेवला तर उडी मारावी लागावी. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी दोनला माणूस घराबाहेर दिसला तर त्याला आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. कूलर लावून सगळे हॉलमध्ये आडवे झाले. भाच्याने टीव्हीवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, “क्लासिक आहे, बघा.” मी नाव वाचलं आणि उठून बसलो.

प्रेक्षक पुढीलप्रमाणे. अण्णा, वय ऐंशीच्या पुढे, वरणगावच्या आयुध निर्माणीत ३४ वर्षं नोकरी. आई. मामा, रावेरकडचे शेतकरी, केळी आणि थोडा कापूस. शेजारचे गार्डकाका, भुसावळहून निवृत्त. २०२२ साली रेल्वेने गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं ठरवलं, पण काका त्याआधीच घरी बसल्यामुळे त्यांचं मॅनेजर व्हायचं थोडक्यात हुकलं. ही सल त्यांच्या बोलण्यात असते.

सिनेमा सुरू होतो तो माणसं झोपेतून उठतात तिथून. जहाजाचा संगणक त्यांना वाटेतच जागं करतो. डोळे चोळत, खोकत, चहा-कॉफीच्या नावाने कुरकुरत ती मंडळी टेबलाशी येतात. गार्डकाका खुश झाले. “रनिंग रूम!” ते म्हणाले. “कॉलबॉयनं दार वाजवलं की अस्संच.” पुढे जहाजाला एका अनोळखी ग्रहावर वळवल्याचं कळतं, तेव्हा ते म्हणाले, “घातली लूप लाइनला.” नॉस्ट्रोमो म्हणजे दोन कोटी टन खनिज ओढत नेणारी मालगाडी आहे, हे समजायला काकांना तीन मिनिटं लागली. या सिनेमावर लिहिणारे समीक्षकही त्यातल्या माणसांना अवकाशातले ट्रक ड्रायव्हर म्हणत आले आहेत. समीक्षकांना एवढं लिहूनही भत्ता मिळत नसेल, काकांना निदान पेन्शन आहे.

आणि हा सिनेमाचा पहिला मोठा गुण. त्याआधीच्या बहुतेक अवकाशपटांत माणसं कशी, तर इस्त्रीच्या कपड्यांतले शास्त्रज्ञ, बोलतील तर मानवजातीबद्दल. इथे पार्कर आणि ब्रेट हे दोघे मेकॅनिक पहिल्याच जेवणात विषय काढतात तो बोनसचा. बाकीच्यांना पूर्ण हिस्सा, आम्हाला अर्धा, असं का? अण्णा एकदम पुढे सरकले. फॅक्टरीच्या वसाहतीत दसऱ्याच्या तोंडावर बोनसच्या आकड्याशिवाय दुसरं बोलणं नसतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या सरकण्याचा अर्थ कळेल. वरून सांगण्यात येतं की अनोळखी संदेश आला तर जाऊन तपासणं करारात लिहिलेलं आहे, नाही गेलात तर हिस्सा जप्त. पार्कर गप्प बसतो. “बसावंच लागतं,” अण्णा म्हणाले. अजून राक्षसाचा पत्ता नव्हता, पण अण्णांना सिनेमा कळला होता.

जहाज बाहेरून दाखवतात तेव्हा भाचा म्हणाला की हे डिझाइन जगात गाजलं. आम्हाला त्याचं विशेष वाटलं नाही. रात्री महामार्गावरून भुसावळकडून वरणगावला येताना डाव्या-उजव्या खिडकीत जे दिसतं ते तेच आहे. दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या, त्यांच्या टोकांवर उघडझाप करणारे लाल दिवे, खाली पिवळ्या उजेडात पाइपांचं जंजाळ आणि सगळ्यावर वाफ. लहानपणी यष्टीत आईच्या मांडीवरून मी ते बघायचो आणि मला वाटायचं हे एक दिवस उडणार. रिडली स्कॉटने ते उडवलं एवढंच. जहाज मोठं वाटावं म्हणून त्याने एक युक्तीही केली. ग्रहावरच्या लांबून घेतलेल्या दृश्यात मोठ्या नटांच्या जागी लहान मुलांना अवकाशपोशाख घालून चालवलं, त्यांत त्याची स्वतःची पोरंही होती. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला लहान पोराला मिशा लावून अफझलखान करतात, त्याच्या हे बरोबर उलटं.

आता दोष. आमच्या हॉलमधला पहिला दोष अगदी सुरुवातीलाच निघाला आणि तो कुठल्याही परीक्षणात मी वाचलेला नाही. लॅम्बर्ट नावाची नेव्हिगेटर सिगारेट ओढते. जहाजात! अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ज्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात हयात काढली त्यांच्याशी काडेपेटीचा विषय जपून काढावा. वरणगावची फॅक्टरी १९६४ सालची, चीनच्या युद्धानंतरची. तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात. गेटवर काडेपेटी, लायटर, बिडी काही चालत नाही. खिसे तपासतात, डबा उघडतात. अण्णांची काडेपेटी ३४ वर्षं गेटबाहेरच्या पानटपरीवर मुक्कामाला होती, तिचं टपरीवाल्याशी घरचं नातं झालं होतं. पुढे जहाजाचा कॅप्टन त्या प्राण्याला हुसकायला आगीचे फवारे मारणारं यंत्र घेऊन हवेच्या बोगद्यात शिरतो, तेव्हा आई प्राण्याला घाबरली, ताई अंधाराला घाबरली आणि अण्णा त्या ज्वाळेला. “बंद करायला सांगा त्याला,” ते म्हणाले. कोणाला सांगायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पण खरा कस लागला तो दाराच्या प्रसंगात. थोडक्यात सांगतो. ग्रहावर एका मोडक्या परक्या जहाजात शेकडो अंडी सापडतात. केन नावाचा गडी वाकून एका अंड्यात बघतो. अंडं वरून फुलीसारखं चार पाकळ्यांत उघडतं. इथे आई पहिल्यांदा बोलली: “भरल्या वांग्याला चिरा दिल्यासारखं.” अगदी तसंच आहे हो. देठ शाबूत ठेवून चार चिरा दिलेलं बामणोदचं वांगं. एच. आर. गीगर नावाच्या स्विस चित्रकाराने या राक्षसाचं सगळं रूप घडवलं, त्याच्या तुकडीला त्यासाठी ऑस्करही मिळालं, पण मसाला भरायच्या आधीचं वांगं त्याने कुठे पाहिलं असेल हे कोडंच आहे. तर त्या वांग्यातून एक आठ बोटांचा जीव उसळून केनच्या तोंडाला चिकटतो. सोबतचे दोघं त्याला उचलून जहाजाच्या दाराशी आणतात. आत रिप्ली. ती म्हणते, नियमाप्रमाणे चोवीस तास बाहेर, आत घेता येणार नाही. बाहेरून कॅप्टन स्वतः हुकूम सोडतोय, दार उघड. ती म्हणते, नाही.

अण्णा उठून उभे राहिले. एकदा एक मोठे साहेब पास विसरून आले होते, तेव्हा गेटवरच्या दरबानाने त्यांना थांबवून ठेवलं होतं आणि साहेबांनी नंतर त्याची पाठ थोपटली होती. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की साहेबांच्या शर्टाचा रंगही मला पाठ आहे. अण्णा उभ्यानेच म्हणाले, “हिला प्रमोशन द्यायला पाहिजे.” तेवढ्यात अॅश नावाचा वैज्ञानिक अधिकारी आतून गुपचूप बटण दाबतो आणि दार उघडतो.

“संपला पिक्चर,” अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

मी विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. पुढचं सगळं, छाती फुटणं, माणसं नाहीशी होणं, स्फोट, हे त्या एका बटणाचं व्याज आहे. भयपटाच्या लेखकांची नेहमीची अडचण असते की माणसं मूर्खपणा करतील तेव्हाच गोष्ट पुढे सरकते. रात्री बारा वाजता ओसाड वाड्यात कंदील घेऊन जायचं कोणी सांगितलं होतं, हा प्रश्न प्रेक्षकाने विचारला की खेळ खलास. पटकथेवर पुन्हा हात फिरवणाऱ्या वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर या निर्मात्यांनी इथे मोठी हुशारी केली आहे. मूर्खपणा केल्यासारखा दिसतो, पण तो कोणाच्या तरी हुकमाने झालेला असतो. पुढे कळतं की कंपनीचा गुप्त आदेश होता, क्रमांक ९३७: जीव जिवंत आणा, कर्मचारी गेले तरी चालतील. आमच्या हॉलमध्ये त्या वेळी फक्त कूलरचा आवाज होता. बऱ्याच वेळाने अण्णांनी विचारलं, “त्या कागदावर सही कोणाची आहे?”

भाच्याने रिमोटने मागे नेऊन दाखवलं. सही नाही. हा दोष मी सिनेमाच्या खात्यावर लिहायचा की कंपनीच्या, हे माझं अजून ठरत नाही.

छाती फुटण्याचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. सगळे जेवायला बसलेत, केन बरा झालाय, हसतोय, घास घेतोय, आणि एकदम आचके. नटांना काहीतरी होणार एवढं ठाऊक होतं, पण रक्ताची चिळकांडी कुठे आणि किती उडेल याचा अंदाज दिला नव्हता. त्यामुळे व्हेरोनिका कार्टराइटच्या तोंडावरची दचक खरी आहे. आत खाटकाकडून आणलेलं साहित्य भरलं होतं. आमच्या ताईने हातातली आमरसाची वाटी खाली ठेवली ती संध्याकाळपर्यंत उचलली नाही. फक्त मामा शांत होते. त्यांनी वाटी पुसून चाटली आणि म्हणाले, “हे तं भो ट्रायकोकार्ड हाये.”

हे शहरातल्या वाचकांसाठी उलगडून सांगतो, कारण या सिनेमाबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. कापसावर बोंडअळी पडते. तिच्यावर उपाय म्हणून ट्रायकोग्रामा नावाची, एक मिलिमीटरही नसलेली गांधीलमाशीची जात सोडतात. ती बोंडअळीच्या पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. आत तिचं पिल्लू वाढतं, यजमानाला आतून खातं आणि आठ-दहा दिवसांत भोक पाडून बाहेर येतं. ही परजीवी अंडी हजारोंनी चिकटवलेलं कार्ड मिळतं. त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि पानाच्या खालच्या अंगाला स्टेपल करायच्या. म्हणजे मूळ पटकथाकार डॅन ओ’बॅननने ज्या परजीवी माश्यांवरून राक्षसाची कल्पना उचलली त्यांच्याच भाऊबंदांना मामा स्वतः पिशवीत घालून शेतात नेतात. जगाला ज्याने घाम फुटला ते खानदेशात स्टेपलरने लावतात. बोंडअळीने हा सिनेमा पाहिला असता तर तिला तो वास्तववादी वाटला असता.

पण याच मामांनी सिनेमाचा सगळ्यात मोठा शास्त्रीय दोषही काढला. छातीतून निघालेलं ते पिल्लू असतं वीतभर. काही तासांत ते माणसापेक्षा उंच होऊन उभं राहतं. (आत पोशाख घालून होता बोलाजी बडेजो, नायजेरियाचा विद्यार्थी, जवळजवळ सात फूट उंच.) मामा म्हणाले, “एवढं वाढलं कशावर? याले खतपानी कोनी देलं?” भाच्याने कार्बन-सिलिकॉन असं काही सांगायला सुरुवात केली. मामांनी त्याला हाताने थांबवलं. टिश्यू कल्चरचं जी-नाईन केळीचं रोप लावा, ठिबकमधून हप्त्याहप्त्याला मोजून खत सोडा, रात्री वीज असेल तेव्हा उठून मोटर चालू करा, तेव्हा कुठे अकरा-बारा महिन्यांनी घड मिळतो. आणि हा गडी एका पाळीत, जेवणाशिवाय, आठ फूट? “मले ते बियाणं आनून दे,” मामा म्हणाले. पदार्थ शून्यातून निर्माण होत नाही हा नियम भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे, पण तो मनापासून पटलेला माणूस बघायचा असेल तर खताच्या दुकानात उधारीची वही लिहिताना शेतकरी बघावा.

एक दोष मात्र आमच्या घरी गुण ठरला. ब्रेट मांजर शोधायला एकटाच जातो. एका उंच, अंधाऱ्या खोलीत वरून साखळ्या लोंबताहेत आणि पाणी ठिबकतंय. तो थांबतो, टोपी काढतो आणि तोंड वर करून ते पाणी अंगावर घेत उभा राहतो. मागून राक्षस उतरतो. भाचा म्हणाला, सगळीकडे लोक या सीनला हसतात, एवढं संकट असताना कोणी अंघोळीला उभं राहतं का? आई म्हणाली, “मग काय करेल बिचारा? वरून आयतं पाणी पडतंय.” बाहेर पंचेचाळीसचा पारा होता. आमच्यापैकी एकालाही ब्रेटचं काही चुकलं असं वाटलं नाही. कथेची विश्वासार्हता ही अक्षांश-रेखांशांवर आणि महिन्यावर अवलंबून असते, हे परीक्षणं लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मला स्वतःला या सिनेमात एक गोष्ट खटकते आणि तीच आवडतेही. त्या प्राण्याला काही नको असतं. आपल्या भुतांना नेहमी काहीतरी हवं असतं. मुंजाला पिंपळ हवा, हडळीला वाट चुकलेला वाटसरू, कोणाला दहीभात, कोणाला लिंबू, आणि पितरांना आखाजीला गार पाण्याची घागर. आपलं भूत म्हणजे वाटाघाटीला तयार असलेला पक्ष. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूसुद्धा, रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्यात बसून, शेवटी मागतो काय तर एक शरीर. म्हणजे जागेचीच अडचण. नारायण धारपांच्या कथांत अमानवी शक्ती कितीही भयंकर असो, समोर समर्थ उभे असतात आणि आपण पांघरूण थोडं खाली करू शकतो. धारपांनी भयकथा लिहिल्या, विज्ञानकथाही लिहिल्या. वाचनालयात त्यांच्या पुस्तकांची मलपृष्ठं कधीच जागेवर नसत. पण ‘एलियन’मध्ये समर्थ नाहीत, भगत नाही, उतारा नाही, मागणी नाही. ज्याला काही नकोच त्याला काय देऊन परत पाठवणार? आपल्याकडे या जातीचा सिनेमा फारसा झाला नाही याचं कारण पैसा असेल, तंत्र असेल. मला वाटतं, ज्याच्याशी बोलणीच होऊ शकत नाहीत असा शत्रू आपल्याला पटतच नाही.

असो. अॅश हा माणूस नसून यंत्र निघतो, त्याचं डोकं उडतं आणि आतून पांढरं दुधासारखं काहीतरी वाहतं. “नासलं,” आई म्हणाली. रिप्ली जहाज उडवून द्यायची कळ दाबते, दहा मिनिटांची मुदत सुरू होते, भोंगा वाजायला लागतो. भोंगा वाजताच अण्णांचा हात नकळत बाजूला डबा शोधायला गेला. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली आहेत. आणि एवढ्या गोंधळात रिप्ली थांबते. मांजरासाठी. परीक्षणवाल्यांना हेही खटकतं. आमच्या हॉलमध्ये त्यावर मतदान घ्यायची गरजच पडली नाही.

मग ती जागा आली. रिप्ली छोट्या यानात. मागे जहाजाचा स्फोट. शांतता. ती मांजराला पेटीत झोपवते. ती कपडे उतरवायला लागते.

अण्णांचा उजवा हात रिमोटकडे गेला. पस्तीस वर्षांनीही बरोबर त्याच सेकंदाला. पण रिमोट भाच्याच्या मांडीखाली होता आणि भाचा कोणत्याही मंडळाचा सभासद नव्हता. अण्णांनी खिडकीकडे मान फिरवली. ताईने पंख्याकडे पाहिलं. मी १९८९ पासून थकलेलं कर्ज वसूल करायच्या बेतात होतो आणि तेवढ्यात भिंतीतून, पाइपांच्या मधून, एक काळा हात बाहेर आला.

प्राणी यानातच होता!

गार्डकाका ओरडले. मामांच्या पायाने आमरसाची वाटी उलटली. अण्णांनी मान वळवली, नजरेतला संकोच पार गेला आणि ते टीव्हीच्या जवळ जाऊन उभे राहिले. म्हणजे सिनेमाचा खरा शेवट अण्णांनी १९८९ साली बटण दाबलं तिथून सुरू होत होता. वसाहतीतले दीडदोनशे लोक ती बाई सुटली या समाधानात घरी गेले. त्यातले कित्येक निवृत्त झाले, गावोगाव पांगले, काही वारले, आणि तो प्राणी इतकी वर्षं त्या पाइपांत तसाच बसून होता.

पुढे रिप्ली अवकाशपोशाख चढवते, दार उघडून त्याला बाहेर फेकते आणि इंजिनाच्या झोताने जाळते, ते सगळं अण्णांनी उभ्यानेच पाहिलं. मी विचारलं, “कसा वाटला?” मला वाटलं, मघाचं प्रमोशन कायम आहे. अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आत येताना गेट बरोबर सांभाळलं तिनं. जाताना झडती राहिली.”

फॅक्टरीत झडती दोन्ही वेळा होते, आत जाताना आणि बाहेर पडताना. आत जाताना काडेपेटी बघतात, बाहेर येताना काही घेऊन चाललात का ते. माझ्या मते ‘एलियन’ या सिनेमावरचा हा शेवटचा शब्द आहे. त्यानंतर १९८६ साली जेम्स कॅमेरूनने दुसरा भाग काढला आणि पुढे भागांवर भाग निघाले, त्या सगळ्यांचं मूळ कारण झडती राहणं हेच आहे.

आता एक निवेदन. १९८९ च्या गणपतीत पाचव्या दिवशी वरणगावला आमच्या वसाहतीच्या पटांगणात ज्यांनी हा सिनेमा पाहिला असेल आणि तो तिथेच संपला असं जे अजून समजत असतील, त्यांच्या माहितीसाठी: पुढे अजून काही मिनिटं आहेत, ती बघून घ्यावीत. जेवताना बघू नये. त्या रात्रीच्या व्हीसीआरवाल्याचा चहा आमच्याकडे बाकी आहे, त्याने केव्हाही यावं. आणि मांजर वाचतं.